रुखवतातलं कमळ
नात पतंगासाठी कणकेची खळ शिजवायला बसली, की त्या कोमट वासानं मी माझ्या लग्नाच्या मांडवात जाऊन पोचते. रुखवतात खळीनं चिकटवलेलं भोपळ्याच्या बियांचं कमळ, फुटक्या बांगड्यांचं तळं, काठावर ज्वारीच्या धाटाचा राघू. सगळं टाकाऊतून मीच केलेलं. अंतरपाटाआड उभी होते तरी मला काळजी कमळाची. तिकडं पाहते तर काय, पिवळ्या उन्हात शेळी डोळे मिटून कमळ खाऊन राहिली! मी ओरडले, "अगं माय, माझं कमळ!" मंगलाष्टकं थांबली. नवरदेवच धावला आणि वाचलेला राघू ओंजळीत घेऊन आला. मी येडी, त्याच्या तोंडाकडे पाहायचं सोडून विचारते काय, "याचं शेपूट कुठंय?" अजूनही खळीचा वास सुटला की हे पडवीतून हाक देतात, "काहून गं, सापडलं का शेपूट?"