घरात वाळणाऱ्या चादरी

"नाव बदललं होतं मी, मावशी."

"नाव बदललंस. चादर बदललीस?"

"पण कथेत आपली सोसायटी नाही, आपला गोत्री भाग नाही..."

"अगं, सोसायटीचं काय घेऊन बसलीस! शेजारच्या हंसाबेनला मराठी वाचता येतं होय? ज्याला येतं, त्यानंच वाचलं ने!"

कांचनमावशींच्या हातात माझी कथा छापलेला दिवाळी अंक होता. तो त्यांच्या नवऱ्याला, जनार्दनकाकांना, मीच दिला होता. वर सही ठोकून.

मावशी आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. लग्न होऊन भुसावळहून बडोद्याला आल्या, त्याला सव्वीस वर्षं झाली. दिवसभर साड्यांना फॉल लावतात, गिऱ्हाइकांशी गुजरातीत भांडतात आणि सुई दातांत धरून मराठीत हसतात. काका नंदेसरीला रंगाच्या कारखान्यात. कितीही घासून आंघोळ करा, झोपेत घामातून पिवळा रंग चादरीवर उतरतोच. त्या चादरी मावशी गच्चीवर घालत नाहीत. आतल्या खोलीत पंख्याखाली दोरी बांधून वाळवतात. काकांना सांगितलेलं कारण म्हणजे गच्चीत कबुतरं घाण करतात. खरं कारण एका दुपारी त्यांनी फक्त मला सांगितलं. "लाज वाटते गं. त्यांची नाही... म्हणजे, त्यांचीच." आणि पदर तोंडाला लावला.

मी मान हलवत ऐकत होते आणि वाक्य पाठ करत होते. लिहिणाऱ्यांना सवयच असते ती, असं मी स्वतःला समजावलं.

तरी पहिल्या खर्ड्यात ते नव्हतं. मग संपादक भास्कररावांचा फोन आला. "कथेतली बाई कागदी झालीय. तिचं असं काहीतरी दे, जे फक्त तुलाच ठाऊक आहे." मी चादर दिली. ते वाक्यही दिलं, जसंच्या तसं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कळवलं, "आता श्वास घ्यायला लागली बाई!" मी घरभर नाचले होते.

"मोठ्यानं वाचून दाखवत होते मला," मावशी म्हणाल्या. "आपल्या पोरीनं लिहिलंय म्हणून. कौतुक! त्या पानावर आले नि चष्मा काढून ठेवला. चार दिवस झाले, फरशीवर झोपतात. नुसत्या. चादर दिली तर बाजूला सारतात."

"मी सांगते काकांना, ते सगळं मी रचलंय."

"सव्वीस वर्षं कबुतरं मानली त्यांनी. आता काही मानायचे नाहीत." त्यांनी अंक माझ्या मांडीवर ठेवला. "एक सांग. मी रडत होते, तेव्हाही तू लिहीतच होतीस का गं?"

'नाही' ओठांवर आलं होतं. मावशी माझ्याकडे बघत होत्या. मी अंकाचा कोपरा दुमडत बसले.

आतून काका आले. दुपारची पाळी, खांद्याला डब्याची पिशवी. एरवी मला पाहिलं की "काय लेखिकाबाई!" म्हणतात.

मी उठले. "काका, चूक माझी आहे. मावशींनी कधीच..."

"बस. चहा घेऊन जा," ते म्हणाले. शांतपणे, पाहुण्याला म्हणावं तसं. त्यापेक्षा त्यांनी मला हाकललं असतं तरी चाललं असतं.

मावशी दारापर्यंत मागे गेल्या.

"अहो, आज तरी पलंगावर झोपाल ना?"

काकांनी चपला घातल्या, पिशवी सारखी केली आणि जिना उतरून गेले.