लिफ्टबाहेरचे शेजारी

बहरीनमध्ये अमवाजला आमच्या इमारतीत एक वयस्कर चिनी गृहस्थ राहतात. नाव मी कधी विचारलं नाही. लिफ्टमध्ये कुणी असलं की ते हसून मागे सरतात. करोनाच्या दिवसांत त्यांना येताना पाहून मीच घाईघाईनं बटण दाबून दार बंद केलं होतं, अगदी त्यांच्या तोंडावर.

परवा मात्र मी दार धरून म्हटलं, "या ना अंकल, जागा आहे."

"यल्ला, चला, जा तुम्ही," ते हसले. "माझे पणजोबा ऑस्ट्रेलियात सोन्याच्या खाणीत होते. विहिरीवर गोऱ्यांचं भरून झालं की मग चिन्यांनी पाणी घ्यायचं. थांबणं आमच्या घरात जुनं आहे."

मला आमच्या गावची विहीर आठवली. तिथंही माणसं लांब उभी राहायची, आणि घागर आधी आमची भरायची. हे त्यांना सांगायला हवं होतं. मी दार सोडलं.