अर्थ माहीत नसलेला शब्द

"आधी अर्थ सांग, मग खेळतो," म्हणून लेले काका हाताची घडी घालून बसले. त्यांच्या पाळीचं घड्याळ चालूच होतं.

समोरच्या सायलीने पटावर क्यू, ए, एन, ए, टी अशी अक्षरं लावली होती. कनात. तिने खांदे उडवले. "अर्थ नाही माहीत, काका. शब्द आहे एवढं माहीत आहे."

मी पंच होते. एरवी मी कोथरूडमध्ये इंग्रजी शिकवते आणि सुटीच्या दिवशी इंग्रजी शब्दखेळाच्या स्पर्धांना पंच म्हणून जाते. या खेळात अक्षरांच्या टाइल जोडून शब्द करायचे. शब्द अधिकृत यादीत असला की गुण मिळतात. अर्थ यायलाच हवा असं नाही. 'एआय' हा दोन अक्षरी शब्द मुलं सर्रास लावतात. ते दक्षिण अमेरिकेतल्या एका सुस्त प्राण्याचं नाव आहे, हे त्यांच्या गावीही नसतं.

निवृत्त मंडळींनी चालवलेल्या या क्लबाची पद्धत मात्र वेगळी होती. समोरच्याने विचारल्यावर अर्थ सांगता आला नाही, तर टाइल मुकाट्याने उचलायच्या. त्या वर्षी विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळणार होती, म्हणून अधिकृत नियम लागू केले होते. सकाळी मी ते वाचूनही दाखवले होते. लेले काका दर वर्षी अंतिम फेरीत हरायचे. या वेळी ते पुढे होते आणि ती जागा त्यांना मनापासून हवी होती.

"काका, अर्थ विचारता येत नाही. शंका असेल तर चॅलेंज करा," मी म्हटलं. चॅलेंज म्हणजे शब्दाला हरकत. शब्द चुकीचा निघाला तर लावणाऱ्याचे गुण जातात. बरोबर निघाला तर हरकत घेणाऱ्याची पाळी जाते.

"अहो मॅडम, कनात मांडवाला लावतात. ती मराठी झाली. हिला अर्थ येत नाही म्हणजे हिने ठोकून दिलंय. चॅलेंज!"

कॉम्प्युटरने शब्द बरोबर ठरवला. काकांची पाळी गेली. त्यांचा मोठा शब्द जिथे बसणार होता, नेमकी तीच जागा सायलीने अडवली. काका थोडक्यात हरले.

"अभिनंदन," ते तिला म्हणाले. "नाव न विचारता लग्न लावता तुम्ही लोक." मग माझ्याकडे वळले. "आता तरी अर्थ सांगाल, की तेही नियमात बसत नाही?"

मी सांगितलं. डोंगराकडचं पाणी जमिनीखालून गावापर्यंत आणणारा बोगदा. उतार असा, की पाणी आपोआप वाहतं. वर ठिकठिकाणी हवेसाठी तोंडं. इराणकडची पद्धत.

काका खुर्चीत पुढे सरकले. नोकरीभर ते महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर होते.

"म्हणजे आपला कात्रजचा नळ की हो! पेशवाईतला. आपला तलावातून निघतो, एवढाच फरक. मी उतरलोय त्यात."

"आत माणूस मावतो?" सायलीने विचारलं.

"मावतो. तुझ्याएवढा उंच असला तर डोकं आपटतं."

"आणि पाणी कुठे जायचं?"

"हौदांत. बस, सांगतो."

ती बॅग ठेवून बसली. काकांनी पटावरच्या टाइल बाजूला सारल्या आणि बोटाने कात्रजपासून शनिवारवाड्यापर्यंतचा उतार दाखवायला लागले. हॉलचा वॉचमन किल्ल्या वाजवत उभा राहिला.

जागा अर्थातच सायलीला मिळाली. तेव्हापासून मी सामना संपल्यावर अर्थांसाठी थोडा वेळ राखून ठेवते. त्याने कोणाचा खेळ सुधारल्याचं दिसलेलं नाही. चहा मात्र जास्त लागतो.