कोऱ्या लंगोटांचा तपासनीस

बुऱ्हाणपुरात संशयी माणसांची टंचाई नाही. केळी घेणारा घडाचा संशय घेतो, केळी विकणारा काट्याचा घेतो, आणि ऑटोत बसलेला माणूस लांबून तर नेत नाही ना म्हणून शेवटपर्यंत मान बाहेर काढून बसतो. पण लंगोटापासून अंगाऱ्यापर्यंत तान्ह्या बाळाच्या अंगाला लागणाऱ्या एकूण एक वस्तूला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारा माणूस सबंध गावात एकच आहे, आणि तो आमच्याच नात्यात आहे. माझ्या वहिनीचे वडील.

काका पॉवरलूमच्या एका कारखान्यात ताके तपासायचे. कापडाचा लांबच लांब ताका तिरक्या टेबलावरून सरकत यायचा आणि काका त्यावर दोन्ही हात ठेवून उभे असायचे. धागा तुटलेला असो, गाठ राहिलेली असो, त्यांचं बोट तिथे थांबायचंच. चाळीस वर्षं चुका शोधल्या. मग निवृत्त झाले, टेबल गेलं, सवय राहिली. मेथीची जुडी ते उजेडात धरतात. पाहुण्यांनी दिलेला पेढाही उजेडात धरतात, आणि पेढ्यातून पलीकडचं काय दिसणार हे विचारायची कोणाची छाती नाही. मी बाळ-बाळंतिणींच्या आरोग्याची पत्रकं वाटत वस्त्यांमधून फिरते. माझं पत्रक त्यांच्या हातात पहिल्यांदा दिलं तेव्हा ते वाचण्याआधी त्यांनी खिडकीकडे धरलं, मग नाकाला लावलं आणि विचारलं, "हे छापलं कोणी? पावडर कंपनीने तर नाही ना?" मी म्हटलं, "काका, बाळाला पावडर लावू नका, ती श्वासात जाते, असंच लिहिलंय त्यात." "मग दुसऱ्या पावडर कंपनीने छापलं असेल," काका म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला. स्पष्ट सांगते, संशय घेणं हा माझाही धंदाच आहे. गुबगुबीत बाळाचा फोटो लावून आयांना काहीही विकणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण माझ्यावरच कोणी संशय घेतला की मला राग येतो.

वहिनी शाळेत शिकवते. तिची रजा संपत आली होती आणि सोमवारपासून चार महिन्यांची माझी भाची दिवसभर आजोबांकडे राहणार असं ठरलं होतं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, घरात काका एकटे. म्हणून वहिनी दोन आठवडे आधीच बाळाला घेऊन लोधीपुऱ्यात काकांकडे राहायला आली. बाळाला आजोबांची सवय व्हावी हे बोलण्यातलं कारण. आजोबांना हे झेपतं की नाही ते बघावं, हे मनातलं. नाहीच झेपलं तर नोकरी सोडायची, असं तिने मला एकटीला सांगितलं होतं.

पहिल्याच दिवशी काकांनी घरातल्या डायपरच्या पुड्याला ताब्यात घेतलं. एक डायपर उचलून शनवाऱ्यातल्या दुकानात गेले आणि काउंटरवर उलगडून त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी गडप. मग खिशातली कात्री काढून त्यांनी त्याचं पोट फाडलं. आतून फुगलेले पांढरे दाणे काउंटरवर घरंगळले, तशी चार गिऱ्हाइकं वाकून बघायला लागली. "भिजलेला साबुदाणा आहे हा!" काका म्हणाले. "एकादशीला खायचा की लेकराला बांधायचा?" दुकानदार हात जोडून म्हणाला, "काकाजी, हे पाणी धरून ठेवतं, म्हणून तर बाळ कोरडं राहतं." "बाळ कोरडं राहतं की आई निवांत राहते?" काकांनी विचारलं, आणि मला मनातल्या मनात टाळी वाजवावीशी वाटली. कारण खरा गुन्हा साबुदाण्याचा नसतोच. डायपर फुगून गुडघ्याशी लोंबेपर्यंत तोच ठेवतात, शी झाली तरी "आत्ताच तर बदललं" म्हणतात, तिथे कातडी सोलते. ओलं झालं की बदला, एवढंच. पण एवढ्याशा वाक्याची जाहिरात कोण करणार?

बाळाला पुसायच्या ओल्या वाइप्सच्या पाकिटाला त्यांनी दुसरा आरोपी केलं. भिंगातून पाठीमागची बारीक अक्षरं वाचली आणि एका शब्दावर बोट ठेवलं. "सुगंध. कशाला? ढुंगणाला सुगंध लावून बाळाला काय लग्नाला जायचंय?" पाकीट बाहेर. त्याजागी कोमट पाण्याचं भांडं आणि सुती फडकं आलं. वहिनी फडक्याने जोरात पुसायला लागली तर ते ओरडायचे, "घासू नको ना बेटी, भांडं आहे का ते? टिप, टिप!" रोज दुपारी बाळाला उघडंच चटईवर ठेवायचं, वारा लागू द्यायचा, हाही त्यांचाच नियम. पण वाऱ्यावरही त्यांची नजर असे. पलीकडच्या गल्लीतले लूम सुरू झाले की खिडकी बंद, सुताचा उडता कचरा बाळावर बसेल म्हणून. लूम थांबले की उघडी. त्या दोन आठवड्यांत वीज किती वेळा गेली ते त्या खिडकीला बरोबर ठाऊक असेल.

असा सगळ्या दुनियेला नापास करून काकांनी मग स्वतःचा माल आणला. ओळखीच्या लूमवरून कोऱ्या मलमलचा तुकडा घेतला, एका पाण्यातून काढला, घरच्या मशीनवर स्वतः शिवला आणि चोवीस लंगोटांची चळत वहिनीपुढे ठेवली. आमच्याकडे बाळाला जुन्या धोतराचे, जुन्या साडीचे लंगोट करतात. काकांना ते नामंजूर. "जुन्या कापडात किती लोकांचा घाम मुरलेला असतो! काय भरोसा?" मालिश करायला येणाऱ्या मावशीने एक लंगोट चिमटीत धरून म्हटलं, "काका, हे तर पापडासारखं वाजतंय." काका खूश झाले. कापडाच्या धंद्यात करकरीत लागणं ही शाबासकी असते. माझ्याही कपाळाला आठी पडली होती, पण त्यांनी माझंच पत्रक माझ्यापुढे नाचवलं, "काय लिहिलंय तू? स्वच्छ सुती कापड वापरा. आता याहून स्वच्छ दाखव." तेवढंच लिहिलं होतं मी.

चौथ्या दिवशी बाळाच्या मांड्यांवर लाली आली. सहाव्या दिवशी ती टोमॅटोसारखी झाली, आणि लंगोट बांधायला घेतला की पोर पाय आखडून किंचाळायला लागली. काकांनी तपास सुरू केला. टाकीच्या पाण्याचा संशय घेतला, वहिनीने खाल्लेल्या लोणच्याचा घेतला, मी आणलेल्या खोबरेल तेलाचा घेतला. शेवटी मावशीला दारातच अडवलं आणि म्हणाले, "हात दाखव." मावशीने दोन्ही पंजे त्यांच्या नाकापुढे उघडले. "घ्या बघून! मी काय हाताले चुना लावून येते का? तुमच्या पोरीले मीच चोळून मोठी केली, तवा नाही दिसले हे हात?" आणि ती जी गेली ती गेलीच. वहिनीने कपाटातून एक कोरा कागद काढला आणि मुख्याध्यापिकेला अर्ज लिहायला बसली.

मी म्हटलं, अर्ज नंतर, आधी डॉक्टर. दोन-तीन दिवसांत लाली उतरत नसेल, घडीत बारीक पुळ्या दिसत असतील, पाणी सुटत असेल, ताप असेल, तर घरच्या शहाणपणाचा काही उपयोग नाही. आणि शेजारीण सांगते म्हणून औषधाच्या दुकानातून खाजेची ट्यूब आणून तर मुळीच लावायची नसते. हे मी दारोदार सांगते आणि आमच्याच घरात तीन दिवस लाली बघत गप्प बसले होते. याची मला आजही चीड येते.

डॉक्टरीणबाईंनी बाळाला बघितलं, मग लंगोट हातात घेतला आणि भुवया उंचावल्या. "हे काय, बाळाला पुठ्ठा बांधता?" काका ताठ झाले. "एक नंबर मलमल आहे मॅडम. चाळीस वर्षं हेच केलंय." त्या म्हणाल्या, "कापड उत्तम आहे, पण याची खळ कोण काढणार? लूमवर धागा तुटू नये म्हणून खळ लावतात, तुम्ही मला सांगायला हवं ते! बाळ ओलं झालं की हे चिकटतं आणि वाळलं की घासतं. हाताने नका बघू, ओठाला लावा." काकांनी लंगोट ओठाला लावला. बराच वेळ लावून धरला. डॉक्टरीणबाईंनी झिंक असलेलं मलम जाडसर थापायला सांगितलं, आणि कापड गरम पाण्यात भिजवून पाच-सहा वेळा धुवा, साबणाचा कणही राहू देऊ नका, उन्हात वाळवा, तोवर ते बाळाला लावू नका, असं बजावलं. काकांनी मलमाची डबीसुद्धा उजेडात धरली नाही. मला भीती वाटली.

परतीच्या ऑटोत ते बाहेर बघत होते. शनवारा मागे गेल्यावर हळूच मला म्हणाले, "बेटी, मला तर मऊच लागलं होतं ते." मी बघितलं. ते अंगठ्याने बोटांची टोकं चोळत होते. "आधी डोळे मिटून सांगायचो, कुठल्या लूमचा ताका आहे. आता चहाचा कप गरम आहे की थंड तेही उचलून कळत नाही. दीड-दोन वर्षं झाली." "कोणाला सांगितलं नाहीत?" "काय सांगायचं? तपासणाऱ्याचीच बोटं गेली म्हणून?" मी म्हटलं, शुगरनेही बोटं बधिर होतात, उद्या तुमची शुगर तपासायची. "मशीन खरी कशावरून?" असं ते म्हणाले खरे, पण आवाजात जोर नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच मावशीच्या घरी गेले. तिने त्यांना अर्धा तास ओट्यावर बसवून ठेवलं, चहा दिला नाही, आणि मग पदर खोचत बाहेर येऊन म्हणाली, "चला. पोरीसाठी येते, तुमच्यासाठी नाही." काका तिच्या मागे मागे चालत आले. हे मावशीने आम्हाला नंतर तीनदा सांगितलं, दर वेळी ओटा थोडा उन्हात सरकत गेला.

आठवडाभरात कातडी निवळली. माझ्या पत्रकाच्या नव्या छपाईत एक ओळ वाढली: कोरं कापड बाळाला बांधू नका, खळ जाऊन ते ओठाला मऊ लागेपर्यंत धुवा. ती ओळ कोणामुळे आली ते मी छापलेलं नाही.

सोमवारच्या आदल्या दुपारी मी गेले तर काका गच्चीवर बसले होते. पुढे वाळलेले लंगोट, शेजारी बादली. वहिनी दोरीवर साडी वाळत घालत होती, शाळेची. काकांनी मला बसायला सांगितलं आणि पहिला लंगोट हातात दिला. "बघ." मी ओठाला लावला. मऊ होता. त्यांनी घडी घालून बाजूला ठेवला आणि दुसरा दिला. असं एकेक चाललं होतं. नववा लंगोट हातात घेतल्यावर मी थबकले. म्हातारा माणूस, सकाळपासून पाण्यात हात घालून बसलेला. पण मला खोटं बोलता येत नाही. "काका, हा अजून कडक आहे." आता भांडतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी तो निमूटपणे बादलीत टाकला.

"बाबा," साडी झटकत वहिनी म्हणाली, "उद्या मी दहाला निघते. मावशी आता दिवसभर थांबणार आहे, दूध कोमट झालं का ते तिला विचारायचं. आपलं आपण नाही ठरवायचं."

"विचारतो," काका म्हणाले, आणि त्यांनी दहावा लंगोट माझ्या हातात दिला.