आबांनी सोडलेलं काळं रक्त

माझ्या बापाच्या छातीत मी लाथ घातली आहे. त्याची लाज वाटत नाही. वाईट मात्र अजून वाटतं.

आम्ही जालना जिल्ह्यातल्या धावड्याकडचे, मूळचे मेंढपाळ. मी शाळेत विज्ञान शिकवते. त्या दिवशी सुटीला माहेरी आले होते. आमच्या मेंढ्या चुलतभावाच्या कपाशीत घुसल्या. त्यानं काठी घालून एका कोकराची मान मोडली. माझ्या धाकट्या भावानं त्याच्या तोंडावर दगड हाणला, दोन दात पाडले. तो रक्त थुंकत आला आणि त्यानं कुऱ्हाड भावाच्या पोटरीत घातली. घाव हाडापर्यंत गेला. चुलतभाऊ कुऱ्हाड टाकून पळाला.

मी ओढणीचा बोळा जखमेत कोंबला आणि सगळ्या अंगाचा भार देऊन दाबून धरला. तेवढ्यात आबा, म्हणजे आमचे वडील, धावत आले. मेंढी तापली, सुजली की आबा तिच्या कानाची शीर कापतात. खराब रक्त गेलं की जनावर हलकं होतं, असं आमच्याकडे सगळेच मानतात. त्यांनी माझं मनगट धरून हात उपटला.

"काळं निघून राह्यलंय. खराब हाये, जाऊ दे. मंग आपोआप थांबंल."

रक्त भळाभळा वाहू लागलं. काळपट होतं, पण खराब नव्हतं. शरीराला प्राणवायू देऊन परत निघालेलं रक्त तसंच दिसतं. फुप्फुसात जाऊन आलं की पुन्हा लालभडक होतं. हे मी दरवर्षी फळ्यावर निळ्या-लाल खडूनं काढते. घरात एकदाही सांगितलं नव्हतं, म्हणून मला त्या क्षणी स्वतःचाच संताप आला. भावाचं काळीज भीतीनं धडधडत होतं. त्या बिचाऱ्या काळजाला काय कळणार? ते जितकं जोरात काम करत होतं, तितका भाऊ रिकामा होत होता. त्याचे ओठ पांढरे पडले. आबा हात सोडेनात, तेव्हा मी लाथ घातली. ते उताणे पडले. मी पुन्हा जखम दाबली आणि जालन्याच्या दवाखान्यापर्यंत, जीपमध्येसुद्धा, बोळा एकदाही उचलून पाहिला नाही.

तिथं रक्त हवं होतं. आबांचा गट जुळला. छाती चोळत ते खाटेवर आडवे झाले, सुई गेली, नळी भरली. ते पिशवीकडे बघत राहिले. दंडाच्या शिरेतून येणारं रक्त काळपटच असतं.

"माझं बी काळंच हाये की," ते म्हणाले.

मी त्यांना सांगितलं, आबा, सगळ्यांचंच असतं, ते खराब नसतं, हेच आता त्याला वाचवणार आहे. आणि भाऊ वाचलाही. लंगडतो, पण मेंढ्यांमागं जातो.

त्या दिवशी सुई निघाली तसे आबा खाटेवर उठून बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मंग आजवर मेंढ्यांचं म्या चांगलंच रगत सांडलं व्हय?"

मी हो म्हणाले.