इत्तो आत्याची चूल

इत्तो आत्या आज तरी झोपली असेल का, हा विचार डोक्यातून जात नाही. परवापर्यंत मला वाटत होतं, तिचा खोकला थंडीचा असेल. पण ती रात्रंदिवस चूल विझू देत नाहीये. बकऱ्यांच्या जुन्या गोठ्यात ओली लाकडं सारत बसते. विहिरीवरसुद्धा जात नाही, शेजारीण पाणी आणून देते.

ही वेळ तिच्यावर माझ्या सख्ख्या भावाने आणली.

आत्या तरुणपणी विधवा झाली आणि डोंगरातल्या आमच्या गावी परत आली. ओढ्याकाठचा आजोबांचा तुकडा तेव्हापासून तीच कसते. सातू पेरते, दगड वेचते, पाण्याच्या पाळीसाठी पुरुषांशी भांडते. जमीन सगळ्या जमातीची, वाटणी चुलीप्रमाणे, आणि बाईची चूल कोणी मोजतच नसे. मग कायदा बदलला, बायकांनाही हक्क आला. आत्या माझ्या भावाकडे, हस्सूकडे गेली. तो जमातीचा नायब; कोणाचं नाव लावायचं ते त्याच्या तोंडून ठरतं.

"आत्या, तू जेवतेस आमच्या चुलीवर. तुला वेगळा वाटा कसला?"

"मग वेगळी चूल मांडते."

"या वयात? लोक म्हणतील, भाच्याने हाकललं."

"तू वाटा दे. मी सांगेन, माझ्या पायांनी गेले."

तिने स्वतः माती तुडवून चूल घातली. हिवाळाभर, बर्फातही, गोठ्याच्या छपरातून धूर निघायचा. जाणारे-येणारे चिडवायचे, "इत्तो, आज कोणाला जेवायला बोलावलंयस?"

"तुझ्या बायकोला. म्हणत होती, तू उपाशी ठेवतोस."

अधिकारी चुली मोजायला आले त्या दिवशी हस्सूची सून अडली होती. मी तिच्या उशाशी होते. हस्सू दारातून म्हणाला ते मी माझ्या कानांनी ऐकलं, "इत्तो आत्याला बोलवा. म्हणावं, हातातलं टाकून ये."

ती आली. दिवसभर तिने त्याच्या चुलीवर पाणी तापवलं, बाळंतिणीसाठी पेज केली. बाळाला पुसून हस्सूच्या हातात तिनेच दिलं.

तेवढ्या वेळात हा माणूस अधिकाऱ्यांना घेऊन तिच्या गोठ्यात जाऊन आला होता. तिच्या चुलीत कोपरापर्यंत हात घालून म्हणाला, "बघा साहेब, थंड आहे. इथे कोणी राहत नाही." हे मला काल कळलं, आत्याकडूनच; तिला शेजारणीने सांगितलं. ओढ्याकाठचा तुकडा आता हस्सूच्या मुलाच्या नावावर जाणार. तो मुलगाही बापाच्याच चुलीवर जेवतो. त्याला कोणी काही विचारलं नाही.

उद्या बाजाराच्या दिवशी हरकती ऐकणार आहेत, मग संपलं. आत्याला साक्षीदार हवा, आणि नायबाविरुद्ध बोलायला गावात कोणी तयार नाही.

"आई, तू यात पडू नकोस," इदिर जेवताना म्हणाला. "माझंही नाव मामाच लावणार आहे."

"कशावर लावणार? आत्याच्या राखेवर?"

त्याने ताट सरकवलं. एकुलता एक मुलगा. त्याला गावातच घर बांधायचंय आणि हस्सू कधी काही विसरत नाही, हे मला कळतं. कळतं म्हणूनच इतका वेळ नुसती बसून आहे.

पण तिकडे आत्या जाळ घालत बसली आहे. कोणी पुन्हा बघायला आलं तर चूल गरम सापडावी म्हणून. कोणीही येणार नाही.

उद्या साक्ष मी देणार. हे हस्सूने दुसऱ्या कोणाकडून ऐकू नये, माझ्याकडूनच ऐकावं. आत्ताच फोन लावते. झोपला असेल. उठू दे.