मढ्याला पडलेला प्रश्न

कडोलीच्या मष्णूला हसू आवरत नसे. कुणाच्या तेराव्याला जेवायला बसला तरी पंगतीत खुदकन हसायचा आणि मग बायको शालूबाई त्याला कोपरानं ढोसायची. अशा माणसाला गावच्या नाटकात दर साली मढ्याचं काम मिळावं, हेच मुळात नवल होतं.

त्याला कारण होतं. गावातला शिंपी जोतिबा नाटकं लिहायचा. चौऱ्याहत्तर साली यात्रेसाठी त्यानं एक नाटक बसवलं, ‘पाव्हण्याचं काय करायचं?’ एका घरात पाहुणा येतो, आत जातो आणि मरतो. मग घरातली माणसं ते मढं लपवता लपवता जी तारांबळ उडवतात, ती बघून लोकांची पोटं दुखायची. गावाला ते इतकं आवडलं, की पुढच्या यात्रेला लोकांनी दुसरा भाग मागितला, मग तिसरा. घर तेच, पाहुणा नवा.

मष्णूला चार लोकांसमोर ओळी आठवत नसत. म्हणून जोतिबानं त्याला एकच ओळ दिली होती. आत येऊन टोपी काढायची आणि विचारायचं, “थोरला कुठं दिसत न्हाय?” त्यावर घरातली आई म्हणायची, “त्यो गावाला गेलाय. आत चला पाव्हणं, पानी घ्या.” मष्णू आत जायचा, मागोमाग आई. आतून धप्प आवाज यायचा. आई पदराला हात पुसत बाहेर यायची आणि म्हणायची, “पाव्हणं पडलं की वो!” लोक इथंच हसायला सुरुवात करायचे.

आईचं काम करायची गंगव्वा. बेळगावच्या बाजारात रताळी विकणारी, खणखणीत आवाजाची विधवा बाई. सगळं गाव तिला गंगाक्का म्हणायचं.

पुढं तासभर मष्णूनं मढं होऊन पडायचं. त्याला कधी झोपाळ्यावर बसवत, कधी पोत्यात घालत, एकदा तर लुगडं नेसवून नवरी केलं. हे सगळं चालू असताना हसायचं नाही! हसू दाबायला मष्णूनं एक युक्ती काढली. डोळे मिटून पडल्या पडल्या तो गंभीर विचार करायचा. पिकाचा विचार पुरायचा नाही. म्हणून तो एकाच गोष्टीचा विचार करायचा: मी मेलो कशानं?

दर साली तोच विचार, आणखी खोल.

एकोणऐंशीच्या यात्रेआधी तालमी सुरू झाल्या, तेव्हा पलटणीतला रवळू रजेवर आला. पहिल्या साली घरातल्या थोरल्या लेकाचं काम त्याचंच होतं. पण नाटकाआधी भरती झाला आणि त्याची जागा रिकामी राहिली. ती झाकायला तर जोतिबानं ‘गावाला गेलाय’ घातलं होतं. आता रवळू म्हणाला, “जोतिबाअण्णा, मी हाय की आता. थोरल्याला आणा परत.”

“आणूया की!” जोतिबा खूश झाला.

“कसा आणायचा?” कोपऱ्यातून मष्णू म्हणाला. “थोरला मेलाय न्हवं.”

सगळे त्याच्याकडं बघायला लागले.

“कुणी मारला त्याला?” जोतिबा म्हणाला. “मी लिवलंच न्हाय तसं.”

“तुमी न्हाय लिवलं. पर बघा की. जो पाव्हणा थोरल्याचं इचारतोय, त्यो आत गेला की मरतोय. आन मेल्यावर घरात कुणी रडतंय का? ‘कसा मेला’ म्हणून कुणी इचारतंय? सगळी एकच म्हणत्यात, ठेवायचा कुठं. कारण कसा मेला, आन थोरल्याचं काय झालं, ते सगळ्यास्नी ठाव हाय.”

जोतिबाच्या हातातली कात्री तशीच राहिली. मग हळूहळू सगळ्यांच्या माना गंगाक्काकडं वळल्या. आत पाहुण्यामागोमाग जाणारी आणि हात पुसत बाहेर येणारी तीच एकटी होती.

गंगाक्कानं गालावर हात ठेवला. “म्हंजे मी मारतीय व्हय रं सगळ्यास्नी?” क्षणभर ती विचारात पडली आणि मग तिचा चेहरा असा फुलला, की विचारू नका. “आगं बया! इतकी सालं मला वाटत हुतं, माझं काम बारकं हाय!”

हशा पिकला. जोतिबानं तर मष्णूला मिठीच मारली. “माझ्याच घरात काय चाललंय, मला ठाव नव्हतं बघ!” रवळू मात्र हिरमुसला. त्याला पडदा ओढायचं काम मिळालं.

त्या साली जोतिबानं बदल एकच केला. पाहुण्यानं थोरल्याचं विचारायचंच नाही. “पुढचं काय?” मष्णूनं विचारलं. “पुढचं मलाबी ठाव न्हाय,” जोतिबा म्हणाला, “बघूया.”

यात्रेच्या दिवशी दिवेलागणीला पटांगण भरलं. अनगोळहून माणसं गाड्या जुंपून आली होती. मष्णू आत आला, टोपी काढली आणि म्हणाला, “यंदा हवा बरी हाय.”

गंगाक्का दारात थांबली. तिनं वाट बघितली. मष्णू रताळ्यांविषयी बोलला, म्हशीविषयी बोलला. गंगाक्का गोड आवाजात म्हणाली, “आनि काय इचारायचं हाय का पाव्हणं?”

“न्हाय वो. झकास चाललंय.”

लोकांत चुळबूळ झाली. मग मागून कुणीतरी ओरडलं, “थोरल्याचं इचार की रं!” लगेच दुसरा, तिसरा, आणि मग सगळं पटांगण टाळ्यांच्या ठेक्यात ओरडायला लागलं, “इचार! इचार!” म्हातारी माणसं ओरडत होती, लेकुरवाळ्या बाया ओरडत होत्या. गंगाक्का आतल्या दाराकडं हात करून हसत उभी होती.

मष्णूनं त्या सगळ्या चेहऱ्यांकडं बघितलं. अंगावर सर्रकन काटा आला. आणि त्याच्या पाठोपाठ इतक्या सालांचं दाबलेलं हसू असं उसळलं, की तो मंचावर खाली बसून पोट धरून हसला. त्याचं बघून गंगाक्का हसली, मग पटांगण हसलं. रवळू इतका हसला की पडदा ओढायचा विसरला. तसं नाटक परत कधी झालं नाही, असं लोक अजून म्हणतात. पुढच्या साली मष्णूला दहा ओळींचं काम मिळालं. त्यातल्या सहा तो विसरला, पण ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

एकोणऐंशीच्या त्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा-बायको रताळी काढायला रानात गेली. शालूबाईनं वेल ओढत विचारलं, “काल मधीच तुमचं तोंड पांढरं का पडलं?”

“अगं, सगळी आपलीच माणसं,” मष्णू म्हणाला, “आन मला मरायला धाडत हुती. लई भ्या वाटलं बघ.”

शालूबाईनं वेलाची माती झाडली आणि हळूच म्हणाली, “मीबी वरडत हुते.”

मष्णूनं खुरपं खाली ठेवलं. दोघांनी एकमेकांकडं बघितलं, आणि शेजारच्या रानातली माणसं काय झालं म्हणून बांधावर येईपर्यंत दोघं हसत राहिली.